कांद्याची चाळ, संगणक आणि न दिसणारी फट

निफाड तालुक्यात दोन प्रकारच्या आरेखनांवर बरेच काही अवलंबून असते. एक ओझरच्या कारखान्यातील विमानांची आरेखने आणि दुसरे कांद्याच्या चाळीचे. पहिली आपल्याला कोणी दाखवणार नाही. दुसरे मात्र तालुक्यातील कित्येक घरांच्या कागदपत्रांत सापडते, आणि ज्या वस्तूचे ते आरेखन आहे ती वस्तू विद्यार्थ्यांच्या घरामागेच उभी असते. म्हणून या लेखात आम्ही चाळ निवडली आहे. लेख मात्र कांद्याविषयी नाही. तो इमारतींची प्रतिमाने तयार करणाऱ्या संगणक-प्रणालींविषयी आहे, आणि त्यातही एकाच अंगाविषयी: आरेखनात काय दाखवायचे, काय लपवायचे आणि जे दाखवायचे ते किती बारकाईने, हे या प्रणाली कसे ठरवतात, आणि ते ठरवणे आम्हाला कितपत पटते.

हा विषय शाळेपासून दूरचा वाटेल. पण दहावीनंतर आयटीआयच्या आरेखक (स्थापत्य) अभ्यासक्रमाला किंवा पदविकेला जाणारा विद्यार्थी या प्रणालींसमोर बसतो. नागपूर मेट्रोच्या बांधणीत अशा प्रतिमानांचा मोठा वापर झाला, आणि आता मध्यम आकाराच्या इमारतींची कामेही त्यांवर होतात. आज्ञा कोणत्या बटणावर आहे हे त्याला तेथे शिकवले जाईल. ती आज्ञा काय झाकते याचा विचार करण्याची सवय शाळेतच लागली तर बरी.

प्लॅन म्हणजे वरून काढलेले चित्र नव्हे

घराचा प्लॅन म्हणजे घराचे वरून दिसणारे चित्र, असे बरेच विद्यार्थी सांगतात. खरोखर वरून पाहिले तर फक्त छप्पर दिसेल. प्लॅन हा छेद असतो. जमिनीपासून साधारण चार फुटांवर एक प्रचंड करवत आडवी फिरवून घराचा वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आहे अशी कल्पना करायची, आणि मग उरलेल्या भागाकडे सरळ वरून पाहायचे. करवतीने जे कापले गेले (भिंती, खांब, खिडक्या) ते जाड रेषेने दाखवायचे. करवतीच्या खाली जे दिसते (ओटा, पायऱ्या, उंबरठा) ते बारीक रेषेने. आणि जे वर राहिले, पण ठाऊक असणे गरजेचे आहे (माळा, तुळई, छपराची कड) ते तुटक रेषेने.

या तीन रेषांत आरेखनाची अर्धी भाषा आली. एका वस्तूची दोन-तीन सपाट दृश्ये काढून तिचा घनाकार नेमका सांगता येतो, हे तंत्र फ्रान्समध्ये गास्पार मोंज याने व्यवस्थित बांधले. किल्ल्यांच्या रचनेसाठी ते इतके उपयोगी होते की काही काळ लष्करी गुपित म्हणून जपले गेले, आणि १७९९ साली पुस्तकरूपाने बाहेर आले. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत घनभूमितीचे जे प्रश्न येतात ते याच वंशातले. आपल्याकडे भारतीय मानक संस्थेने इमारतींच्या आरेखनासाठी आयएस ९६२ हे मानक केले आहे, तर शाळा-महाविद्यालयांसाठी एसपी ४६ ही पुस्तिका १९८८ साली काढली. आरेखन शिकवणाऱ्या शिक्षकाच्या टेबलावर ही पुस्तिका असावी असे आम्हाला वाटते.

या साऱ्या नियमांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. आरेखक प्रत्येक रेषा स्वतः ओढतो, आणि म्हणून जी रेषा तो ओढत नाही तीही त्याने विचारपूर्वकच गाळलेली असते.

रेषेकडून प्रतिमानाकडे

संगणक आला तेव्हा पहिली काही वर्षे ही परिस्थिती फारशी बदलली नाही. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडमध्ये आरेखक रेषाच ओढत असे, कागदाऐवजी पडद्यावर. ट्रेसिंग पेपरचे ताव एकावर एक ठेवून एकावर भिंती, दुसऱ्यावर विजेच्या तारा, तिसऱ्यावर नळ काढण्याची जुनी पद्धत होती. तीच 'लेयर' या नावाने संगणकात आली. हवा तो थर चालू ठेवायचा, नको तो बंद करायचा. येथवर सारे सोपे होते.

खरा बदल प्रतिमान-प्रणालींनी केला. हंगेरीतील ग्राफिसॉफ्टचे आर्किकॅड १९८०च्या दशकापासून आहे, रेव्हिट २००० साली बाजारात आले आणि २००२ साली ऑटोडेस्कने ते विकत घेतले, आणि फ्रीकॅड हे विनामूल्य आहे. या प्रणालींत आपण रेषा ओढतच नाही. आपण भिंत 'उभी' करतो: तिची लांबी, उंची, जाडी, आतली वीट, बाहेरचा गिलावा. सारी इमारत एकदाच, तिन्ही मितींत रचली जाते. मग प्लॅन मागा, छेद मागा, समोरची बाजू मागा. प्रणाली ते ते दृश्य प्रतिमानातून काढून देते. खिडकी एका दृश्यात सरकवली की बाकीच्या सर्व दृश्यांत आपोआप सरकते. प्लॅनमध्ये खिडकी एकीकडे आणि समोरच्या बाजूत दुसरीकडे, ही कागदी आरेखनातील जुनी डोकेदुखी यामुळे संपली. हा फायदा खरोखर मोठा आहे आणि पुढे आम्ही जी टीका करणार आहोत तिच्यामुळे तो कमी होत नाही.

मात्र रेषा ओढणारा हात गेल्यावर एक नवे काम उभे राहते. प्रतिमानात सर्वच आहे: पाया, विटा, नळ, बिजागरीसुद्धा. सर्व एकदम दाखवले तर कागद काळा होईल. तेव्हा प्रत्येक दृश्यासाठी गाळणी लावावी लागते. पूर्वी आरेखक काय काढायचे ते ठरवी. आता काय लपवायचे ते ठरवावे लागते. ही दोन कामे एकच आहेत असे वाटते, पण तसे नाही. काढायचे विसरले तर सहसा लक्षात येते, कारण जागा रिकामी दिसते. लपवलेले विसरले तर चित्र पूर्णच दिसते.

गाळण्या किती?

रेव्हिटचे उदाहरण घेऊ, कारण आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतून पुढे जाणाऱ्यांची गाठ बहुधा त्याच्याशी पडते. एखादी वस्तू दृश्यात दिसेल की नाही हे तेथे कोणकोणत्या गोष्टी ठरवतात?

पहिली म्हणजे करवतीची उंची आणि खाली किती खोलवर पाहायचे याची मर्यादा. ही उंची मुळात १२०० मिलिमीटरवर, म्हणजे सुमारे चार फुटांवर, ठेवलेली असते. दुसरी बारकाईची पातळी: ढोबळ, मध्यम आणि सूक्ष्म. ढोबळ पातळीवर भिंतीची फक्त बाहेरची कड दिसते. मध्यम आणि सूक्ष्म पातळीवर आतले थर दिसू लागतात. पाण्याचा नळ ढोबळ पातळीवर एकेरी रेषा असतो, सूक्ष्म पातळीवर त्याला दोन कडा येतात. तिसरी गाळणी वर्गाची: सगळे दरवाजे, सगळे फर्निचर, सगळे खांब एका फटक्यात लपवता येतात. चौथी गुणधर्माची: उदाहरणार्थ, फक्त आगरोधक दारे वेगळ्या रंगात दाखवा. पाचवी बांधकामाच्या टप्प्याची: जुने काम, पाडायचे काम, नवे काम. याखेरीज एकेक वस्तू हाताने लपवता येते, दृश्याची चौकट कापता येते, आणि या सर्वांचा एक साचा करून पन्नास दृश्यांना एकदम लावता येतो.

साचा ही सोय आम्हाला विशेष आवडते. एका इमारतीच्या सर्व मजल्यांचे प्लॅन एकाच भाषेत बोलतात ते त्यामुळे. पण गाळण्यांची ही यादी पाहिल्यावर एक साधा प्रश्न पडतो: एखादी गोष्ट दिसत नाही, तर ती कोणत्या गाळणीत अडकली आहे? रेव्हिटमध्ये लपलेले उघड करणारे एक बटण आहे. ते दाबले की लपवलेल्या वस्तू किरमिजी रंगात उमटतात. ते उपयोगी आहे, पण करवतीच्या उंचीमुळे किंवा खोलीच्या मर्यादेमुळे जी वस्तू दृश्याबाहेर राहिली ती या बटणालाही दिसत नाही. 'येथे काही लपलेले नाही' आणि 'येथे मला काही लपलेले सापडले नाही' ही दोन वाक्ये वेगळी आहेत. विज्ञानाच्या शिक्षकाला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

आता चाळ

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला जातो आणि भाव पाहून दिवाळीपर्यंत केव्हाही चाळ फोडली जाते. साठवलेला कांदा जिवंत असतो. तो श्वसन करतो, उष्णता आणि बाष्प बाहेर टाकतो. हे बाष्प निघून गेले नाही तर सड लागते, काजळी धरते, कोंब फुटतात. म्हणून चाळीची सारी रचना हवेसाठी असते. पाखीची रुंदी सुमारे चार फूट, कारण त्याहून जाड थराच्या पोटात हवा पोचत नाही. कांद्याचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, म्हणजे खालून हवा शिरते. बाजूच्या भिंती बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या, मध्ये फटी ठेवून. वर मंगलोरी कौले किंवा सिमेंटचे पत्रे. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी पूर्व-पश्चिम बांधावी असे सांगतात, तेही वारा आणि ऊन पाहूनच. पणन मंडळाच्या शिफारशींत ही मापे दिलेली असतात आणि अनुदानासाठी ती पाळावी लागतात.

या चाळीचे प्रतिमान करायचे आहे असे समजा. दुपाखी चाळ, लांबी १२ मीटर, कांद्याचा थर दीड मीटर उंच. पट्टी दोन इंच रुंद आणि दोन पट्ट्यांतील फट एक इंच धरू. म्हणजे दर ७५ मिलिमीटरला एक उभी पट्टी. बारा मीटर लांबीत १६० पट्ट्या. प्रत्येक पाखीला अशा दोन लांब बाजू, पाख्या दोन. एकूण ६४० पट्ट्या, आणि त्यात टोकाच्या भिंती व तळ धरलेलेच नाहीत. एकेका लांब बाजूचे क्षेत्रफळ १८ चौरस मीटर. त्यातील एक तृतीयांश भाग फट, म्हणजे ६ चौरस मीटर उघडे. चारही बाजू मिळून २४ चौरस मीटर. ही चाळीची नाकपुडी.

शंभरास एक या प्रमाणात प्लॅन काढला तर एक इंचाची फट कागदावर पाव मिलिमीटर होते. छापलेली बारीक रेषाही साधारण तेवढ्याच जाडीची असते. म्हणजे फट रेषेतच बुडते. प्रणालीच्या दृष्टीने ही 'बारकाई' आहे, आणि ढोबळ पातळीवर बारकाई गाळायची असते. सोपा मार्ग घेणारा विद्यार्थी पट्ट्यांची बाजू 'भिंत' म्हणून उभी करील आणि पट्ट्या पृष्ठभागावरच्या नक्षीने दाखवील. ढोबळ प्लॅनमध्ये उरतील फक्त दोन समांतर रेषा. आणि आरेखनाच्या भाषेत दोन समांतर जाड रेषा म्हणजे भरीव भिंत.

गंमत पुढे आहे. रेव्हिटमध्ये असा नियम आहे की सहा फुटांपेक्षा बुटकी भिंत करवतीच्या उंचीत आली तरी कापलेली दाखवायची नाही. वरून दिसते तशी दाखवायची. ओसरीचा कठडा किंवा बुटकी आडभिंत यांच्यासाठी हा नियम सोयीचा आहे. पण आपली पट्ट्यांची बाजू दीड मीटरच उंच असेल, तर तिला तोच नियम लागू होतो आणि जाड रेषेऐवजी ती कठड्यासारखी बारीक रेषेत उमटते. म्हणजे एकदा ती भरीव भिंत ठरते आणि एकदा कठडा. हवा जाणारी बाजू ती कधीच ठरत नाही.

याउलट चाळीला एक छोटे दार ठेवले असेल, दोन चौरस मीटरचे, तर ते प्रत्येक पातळीवर, प्रत्येक प्रमाणात, उघडण्याच्या दिशेच्या कंसासकट दिसते. कारण 'दार' हा प्रणालीला ओळखीचा वर्ग आहे. २४ चौरस मीटरची वाट गायब आणि दोन चौरस मीटरची ठळक! चाळीच्या प्लॅनमधून चाळच वजा झाली. हा प्लॅन घेऊन तालुक्यातला गवंडी भरीव भिंत बांधणार नाही, कारण त्याने शंभर चाळी पाहिल्या आहेत. पण ज्याने चाळ पाहिलेली नाही अशा दूरच्या कंत्राटदाराला किंवा कागदावरून खर्च काढणाऱ्या माणसाला ही फट कोण सांगणार? आरेखन हे त्याच्यासाठीच तर असते.

लहान आणि क्षुल्लक

या साऱ्याच्या मुळाशी एक गृहीत आहे: जे आकाराने लहान ते महत्त्वाने लहान. हे कोठून आले असावे?

संगणक-चित्रणात बारकाईच्या पातळ्यांची कल्पना जेम्स क्लार्क याने १९७६ साली मांडली. एका वस्तूची कमी-अधिक तपशिलाची अनेक रूपे ठेवायची. वस्तू दूर असेल, पडद्यावर चार ठिपक्यांएवढी दिसत असेल, तर ढोबळ रूप वापरायचे. जवळ आली की सूक्ष्म. वैमानिकांच्या सराव-यंत्रांत, खेळांत ही युक्ती फार उत्तम चालते. तेथे हेतू एकच असतो: डोळ्याला फरक कळू नये आणि संगणकाचे काम वाचावे. बांधकामाच्या आरेखनाचा हेतू डोळ्याला फसवणे हा नाही. तेथे कागद पाहून कोणीतरी काहीतरी बांधणार असतो.

नकाशाशास्त्राने हा प्रश्न पूर्वीच सोडवला आहे, आणि तो कसा ते निफाडच्याच उदाहरणाने पाहता येईल. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशात निफाडवरून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग ठळक दिसतो. दोन रुळांतील अंतर १.६७६ मीटर. प्रमाणाप्रमाणे ते कागदावर सुमारे ०.०३ मिलिमीटर व्हायला हवे; म्हणजे दिसताच कामा नये. नकाशातील अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा प्रत्यक्षात २५ मीटर होते, आणि इतका रुंद लोहमार्ग तेथे नाही. नकाशा काढणाऱ्याने रेल्वे जाणूनबुजून फुगवली आहे, कारण ती महत्त्वाची आहे. तिच्याहून कितीतरी मोठी शेते त्याने गाळली आहेत. तो आकाराने नव्हे, अर्थाने निवडतो, आणि चिन्हांच्या सूचीत तसे सांगतोही.

कागदावरचा आरेखकही हेच करी. चाळीच्या बाजूला तो दोन रेषा न ओढता थोड्या विरळ आडव्या खुणा करी, सहाशे चाळीसऐवजी पंधरा-वीस, आणि शेजारी 'पट्ट्या २", फट १"' असे लिही. एका कोपऱ्याभोवती वर्तुळ काढून 'तपशील अ पाहा' म्हणे आणि तो कोपरा वीसास एक प्रमाणात वेगळा काढी. वीसास एकमध्ये फट सव्वा मिलिमीटर होते; ती व्यवस्थित दिसते.

येथे प्रणालींची बाजूही मांडली पाहिजे. रेव्हिटमध्ये आपण स्वतः वस्तू तयार केली, तर तिचा कोणता भाग कोणत्या पातळीवर दिसावा हे आपल्याला सांगता येते. ढोबळ पातळीसाठी विरळ खुणांचे वेगळे रूपही देता येते. आर्किकॅडमध्ये दारे-खिडक्यांची चिन्हे प्रमाणानुसार बदलतात. म्हणजे सोय आहे. पण बहुतेक जण तयार वस्तूंचे संग्रह वापरतात, आणि त्या संग्रहांत सरकती काचेची दारे, कार्यालयातील खुर्च्या, कमोड यांची रेलचेल असते. कांद्याची चाळ, वेळूचा कूड, मातीची जाळी यांना तेथे जागा नाही. ज्याला वर्ग नाही ते 'इतर' या खोक्यात जाते, आणि 'इतर' हा वर्ग लपवताना कोणाचा हात अडखळत नाही. या प्रणाली ज्यांनी रचल्या त्यांना चाळ ठाऊक नव्हती, यात त्यांचा दोष नाही. ती ठाऊक असलेल्यांनी आपली वस्तू नीट रचून ठेवली नाही, हा दोष मात्र आपल्याकडचा आहे. तंत्रनिकेतनांच्या विद्यार्थ्यांना एका सत्राचे काम म्हणून हे सहज देता येईल.

पायाखालचे

करवतीची उंची आणि पाहण्याची खोली याविषयी थोडे. चाळीत कांदा ज्या तळावर बसतो तोच प्रतिमानात मूळ पातळी म्हणून घेतला, तर त्याखालची दीड-दोन फुटांची पोकळी प्लॅनच्या मर्यादेखाली जाते. ती फक्त उभ्या छेदात दिसेल, आणि छेद काढलाच नाही तर कोठेच नाही.

वर्गखोलीच्या बाबतीत हेच अधिक गंभीर होते. गोदाकाठच्या काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. अशा जमिनीवर उथळ पायाच्या खोलीला भेगा पडतात. भेग भिंतीत दिसते, कारण चार फूट खाली असते. शाळेकडे बहुधा खोलीचा प्लॅन असतो. पायाचे आरेखन क्वचितच असते. प्रतिमानात ते सारे असूनही छापलेल्या पानावर येत नसेल, तर दुरुस्ती करणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

दिसणे हे कायद्याचेही काम आहे

बांधकाम परवानगीच्या नकाशांत रंगांची एक ठरलेली भाषा आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत आणि तिच्यावर बेतलेल्या नियमावल्यांत ती दिलेली असते: नवे काम लाल भरलेले, पाडायचे काम पिवळ्या तिरप्या रेघांत, सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक, पाण्याची काळी तुटक. प्रतिमान-प्रणालीतील 'टप्प्यांची' गाळणी हे याच रंगांचे संगणकी रूप. जुन्या पद्धतीत पिवळा रंग दिसला नाही तर 'काही पाडायचे नाही' असा अर्थ निघे आणि त्याखाली सही असे. लपवणे ही तेथे जबाबदारीची गोष्ट होती.

पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीने विकसित केलेली ऑटोडीसीआर ही प्रणाली महाराष्ट्रातील अनेक नगरसंस्थांनी नकाशे तपासण्यासाठी वापरली. तिच्यात माणसाऐवजी संगणक नकाशा वाचतो, आणि तो रेषांचा अर्थ लेयरच्या नावावरून लावतो. जिना ठरलेल्या लेयरवर नसेल तर माणसाला तो दिसतो, पण यंत्रासाठी तो नसतो. पूर्वी आपण माणसापासून काय लपते एवढेच पाहत होतो. आता यंत्रापासून काय लपते हेही पाहावे लागते.

व्यवसायात बारकाईला अंक देण्याची प्रथा पडली आहे. अमेरिकेतील वास्तुरचनाकारांच्या संस्थेने २००८ साली करारांसाठी १०० ते ५०० अशा पातळ्या ठरवल्या. शंभर म्हणजे केवळ कल्पना, पाचशे म्हणजे प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे पडताळलेले. अंक दिला की मोजल्यासारखे वाटते, हा त्यातील धोका. चाळीचा पत्रा चारशेच्या पातळीवर, स्क्रूसकट, आणि पट्ट्या दोनशेच्या पातळीवर असे प्रतिमान 'सरासरी तीनशे' ठरून मान्य होऊ शकते. युरोपने २०२०च्या मानकात आणि त्यानंतर २०२४च्या आंतरराष्ट्रीय मानकात वाट थोडी बदलली. तेथे आधी विचारतात: कोणत्या कामासाठी, केव्हा, कोणाला ही माहिती हवी? मग बारकाई ठरते. आम्हाला ही वाट योग्य वाटते. नकाशात रेल्वे फुगवणारा सर्वेक्षकही तेच विचारत होता.

आमची मुख्य तक्रार मात्र वेगळीच आहे. छापलेले पान आपण काय लपवले आहे ते सांगत नाही. पानावर प्रमाण छापले जाते, तारीख छापली जाते, उत्तर दिशा छापली जाते. करवत किती उंचीवर होती, बारकाईची पातळी कोणती, कोणते वर्ग बंद होते, हे सारे प्रणालीला ठाऊक असते, पण कोणी मुद्दाम सोय केल्याशिवाय ते पानावर उतरत नाही. प्रयोगाच्या वहीत उपकरणाची अचूकता लिहिली नाही तर आपण गुण कापतो. येथे प्रणाली तीच चूक रोज करते आणि कोणी काही म्हणत नाही.

वर्गात करण्याजोगे

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना दोन-दोनच्या गटाने एक चाळ मोजायला सांगावी. टेप आणि वही पुरे. घरच्या मोठ्यांना विचारून पट्टी, फट, पाखीची रुंदी, तळाची उंची, छपराची कड लिहून आणावी. मग शंभरास एक, वीसास एक आणि पाचास एक अशी तीन आरेखने काढावीत. पहिले काढताना फट बुडते हे विद्यार्थ्यांना आपोआप दिसेल. त्यावर काय उपाय करायचा हे त्यांनाच ठरवू द्यावे. काही जण फट फुगवतील, काही खुणा करतील, काही शब्दांत लिहितील. आरेखने मग दुसऱ्या शाळेतील, शक्यतो चाळ नसलेल्या गावातील विद्यार्थ्यांकडे पाठवून त्यांना पुठ्ठ्याची चाळ करायला सांगावे. त्यांच्या चाळीत हवा खेळते की नाही हे उदबत्तीच्या धुराने पाहता येईल.

शाळेत संगणक असेल तर फ्रीकॅड वापरावे. ते विनामूल्य आहे, आणि नोव्हेंबर २०२४च्या १.० आवृत्तीत इमारतींच्या प्रतिमानाचा विभाग त्यात सामावून घेतला आहे. यादीतील वस्तू निवडून स्पेस-बार दाबला की ती लपते, पुन्हा दाबला की दिसते. एवढ्यावर पहिला तास निघतो. एकच पट्टी काढून तिच्या १६० प्रती ओळीने उभ्या करण्याची सोय आहे, ती वापरताना जुना संगणक धापा टाकू लागेल. प्रणाली बारकाई का गाळते याचे प्रात्यक्षिक म्हणून तेही दाखवावे. छापायच्या पानाची चौकट फ्रीकॅडमध्ये एक साधी चित्र-फाइल असते आणि तिच्यातील मजकूर बदलता येतो. शाळेचे नाव आणि प्रमाण यांच्याखाली तीन रकाने मराठीत वाढवावेत: 'छेद किती उंचीवर', 'काय दाखवलेले नाही', 'ते कोठे पाहावे'. चाळीच्या प्लॅनवर ते साधारण असे भरले जातील: छेद चार फुटांवर, पट्ट्यांतील एक इंचाच्या फटी आणि तळाखालची दोन फूट पोकळी दाखवलेली नाही, फटी तपशील अ मध्ये, पोकळी छेद ब मध्ये.